नवजात मुलीचा कान वरून दुमडलेला आहे. थांबावे की लगेच दाखवावे?

डिचोलीचा_नवा_बाबा

नमस्कार. आमच्या मुलीच्या जन्माला आज नऊ दिवस झाले. दिवस पूर्ण भरले होते, जन्माच्या वेळचे वजन २ किलो ९०० ग्रॅम होते, ती अंगावर व्यवस्थित पिते आणि बाकी तपासणीत काहीही वावगे आढळलेले नाही. मात्र तिच्या उजव्या कानाची वरची कड पुढच्या बाजूला दुमडून खाली आलेली आहे. अळूचे कोवळे पान पुरते उलगडायचे राहून गेले असावे, तसे ते दिसते. बोटाने वर केली तर कड उलगडते, पण बोट काढताच हळूहळू पुन्हा खाली येते. डावा कान दुमडलेला नाही, पण वरच्या टोकाला किंचित अणकुचीदार वाटतो. तो घराण्यातलाच आकार असेल असे धरून आम्ही त्याकडे फारसे लक्ष दिलेले नाही.

प्रसूतिगृहातून निघताना तिथल्या परिचारिकेने ‘आपोआप सुटेल, काळजी करू नका’ असे सांगितले. डॉक्टरांनी कागदावर कानाविषयी काहीच लिहिलेले नाही. पत्नी सध्या साखळीला माहेरी आहे. सासूबाईंचे म्हणणे असे की रोज अंघोळीपूर्वी खोबरेल लावून कान दाबत राहिले की महिन्याभरात तो जागेवर बसतो. अंघोळ घालायला येणाऱ्या माईही तेच सांगतात. परवा शेजारच्या एका बाईंनी ‘ग्रहणात विळीवर बसली होतीस काय’ असे विचारले आणि तेव्हापासून पत्नी आठवून आठवून रडते आहे.

आम्हांला जाणून घ्यायचे आहे ते एवढेच की हा कान खरोखर आपोआप सुटतो का, यामुळे ऐकण्यावर काही परिणाम होतो का, आणि पुढे शस्त्रक्रिया करावी लागते का. शिवाय येत्या बारशाच्या दिवशी कान टोचायचे ठरले आहे, ते करावे की पुढे ढकलावे, हेही कळत नाही. ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया लिहावे.

म्हापशाची_निवृत्त_परिचारिका

सर्वप्रथम आपल्या पत्नीला सांगा की ग्रहणाचा आणि या कानाचा काडीचाही संबंध नाही. माझी सगळी नोकरी प्रसूतिकक्षात आणि नवजात बाळांच्या कक्षात गेली, आणि ज्या बायकांनी ग्रहणभर अंथरुणावरून पाय खाली ठेवला नाही, त्यांच्या बाळांचेही दुमडलेले कान मी या हातांनी पुसलेले आहेत. पोटात शेवटच्या महिन्यांत जागा अपुरी पडते. बाळाचा कान स्वतःच्या खांद्याखाली किंवा गर्भाशयाच्या भिंतीशी दबून राहिला, तर तो त्याच आकारात बाहेर येतो. गर्भजल कमी असले किंवा जुळी असली तर ही शक्यता आणखी वाढते. यात आईच्या हातून घडलेले असे काहीच नसते.

आता मुख्य मुद्दा. जन्मतः वेगळे दिसणारे कान ढोबळमानाने दोन प्रकारचे असतात. एकात कानाचे सर्व भाग, कातडी आणि कूर्चा, म्हणजे आपण ज्याला मऊ हाड म्हणतो ते, पूर्ण असते, फक्त आकार मुडपलेला असतो. दुसऱ्यात कानाची घडणच अपुरी राहिलेली असते. घरी ओळखण्याची साधी खूण तुम्ही नकळत करून पाहिलेलीच आहे. दुमडलेली कड बोटाच्या टोकाने हलकेच वर केली आणि कान नेहमीसारखा पूर्ण दिसला, तर तो बहुधा पहिल्या प्रकारचा असतो. कड वर यायलाच तयार नसेल, तिथली कातडी अपुरी वाटत असेल, किंवा कानाचा वरचा भाग डोक्याच्या कातडीखाली दडून मागची खाच दिसतच नसेल, तर ते तज्ज्ञाने अधिक बारकाईने पाहावे लागते.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा कान पापडाच्या ओल्या लाटीसारखा असतो, दुमडला की तसाच राहतो. म्हणून बाळ किती आठवड्यांचे आहे याचा अंदाज घेताना आम्ही कान दुमडून सोडतो आणि तो किती चपळाईने परत येतो ते पाहतो. तुमची मुलगी पूर्ण दिवसांची आहे, तिचा कान चटकन सरळ व्हायला हवा होता. नऊ दिवसांनंतरही तो परत खाली येत असेल, तर थांबून पाहण्यात वेळ घालवू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

‘आपोआप सुटेल’ हे वाक्य मी स्वतःही अनेकदा उच्चारलेले आहे, आणि ते पुरते खोटे नाही. साधारणपणे तीनांपैकी एक कान स्वतःहून सुधारतो, आणि जो सुधारणार असतो तो बहुतेक वेळा पहिल्या आठवड्यातच त्या वाटेला लागलेला दिसतो. अडचण उरलेल्या दोघांची असते. आईच्या शरीरातील इस्ट्रोजेन नावाचे संप्रेरक बाळाच्या रक्तातही उतरलेले असते आणि त्यामुळे कानाची कूर्चा जन्मानंतर काही काळ मऊ, वळवू तशी वळणारी राहते. पहिल्या तीन दिवसांत या संप्रेरकाचे प्रमाण सर्वाधिक असते, पुढे ते उतरत जाऊन सुमारे सहा आठवड्यांत सामान्य पातळीवर येते. त्यानुसार कूर्चाही घट्ट होत जाते. या काळात कानाला योग्य आकारात सतत धरून ठेवले तर तो तसाच पक्का होतो. जपानमधील शल्यचिकित्सकांनी १९८४ साली ही पद्धत सविस्तर मांडली आणि आता ती जगभर वापरली जाते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत सुरुवात झाली तर फळ उत्तम मिळते. त्यानंतर दर आठवड्याला शक्यता घटत जाते, आणि तीन महिन्यांनंतर सहसा हाती काही लागत नाही. पुढचा मार्ग शस्त्रक्रियेचा, आणि तो साधारणपणे मूल पाच-सहा वर्षांचे होऊन कानाची बरीचशी वाढ झाल्यावर निघतो.

सासूबाईंच्या तेलाविषयी. अंगाला तेल लावण्याला माझी हरकत नाही. परंतु दिवसातून दोन मिनिटे कान दाबला आणि उरलेले तेवीस तास अठ्ठावन्न मिनिटे तो मोकळा सोडला, तर तो कुठे बसणार? त्याला अष्टौप्रहर आधार लागतो. शिवाय तेलकट कातडीवर चिकटपट्टी धरत नाही, म्हणून दाखवायला जाण्याच्या आधी दोन दिवस कानाच्या आसपास तेल लावू नये. कानाच्या भोकात तर तेल कधीच घालू नये. आणि घरच्या पेटीतली साधी पट्टी घेऊन स्वतः कान बांधू नका, या वयात कातडी पट्टीबरोबर सोलून निघते.

बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयात प्लास्टिक सर्जरीचा विभाग आहे. बाळाच्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन तिथे किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे याच आठवड्यात जा. जाल तेव्हा दोन्ही कान दाखवा.

फोंड्याची_आई

म्हापशाच्या परिचारिका माईंनी वर लिहिलेले सर्व मला साडेचार वर्षांपूर्वी कोणी सांगितले असते, तर माझे दहा दिवस वाचले असते. माझ्या मुलाचा डावा कान अगदी असाच होता. ज्या प्रसूतिगृहात तो झाला तिथे आम्हांला ‘तीन महिन्यांच्या लसीला याल तेव्हा बघू’ असे सांगण्यात आले, आणि ते सांगणाऱ्यांचा आवाज इतका ठाम होता की आम्ही निर्धास्त घरी आलो. तीन महिन्यांनी पाहायला काहीच उरले नसते, हे मला नंतर कळले. सुदैवाने बाळ पाहायला आलेल्या माझ्या मावसबहिणीने, जी स्वतः बालरोग विभागात काम करते, कान पाहताक्षणी आम्हांला गाडीत बसवले. तो मुलाचा सोळावा दिवस होता.

प्रत्यक्षात काय करतात ते लिहिते, कारण मला त्याचीच सर्वांत जास्त भीती वाटली होती. कानाभोवतीचे केस दोन बोटे रुंदीत काढले, कातडी स्पिरिटने पुसून कोरडी केली. बाळांना नाकातून दूध देण्यासाठी असते तसल्या बारीक नळीचा एक तुकडा घेऊन त्यात मऊ तार ओवली आणि तो अर्धचंद्रासारखा वाकवला. कानाच्या बाहेरच्या कडेच्या आत जी पन्हळ असते, तिच्यात तो बसवला आणि अगदी अरुंद कागदी पट्ट्यांनी कड त्या नळीवर ओढून घेतली. एक लांब पट्टी कानावरून मागे डोक्याला नेली. भूल नाही, सुई नाही. मुलगा सुरुवातीला थोडा कुरकुरला आणि मग माझ्या मांडीवर झोपून गेला. रडले ते आम्ही दोघे. सिलिकॉनचे तयार साचेही मिळतात असे सांगण्यात आले होते, पण ते महाग होते आणि आमचे काम नळीवर भागले.

खरा त्रास पुढे झाला, आणि तो आपल्या हवेचा होता. आषाढाचा पाऊस, दिवसभर दमट हवा, त्यात बाळंतिणीच्या खोलीत शेगडी आणि धुरी. दुसऱ्याच दिवशी पट्टीच्या कडा घामाने सुटून वर आल्या. पहिल्या आठवड्यात आम्ही चार खेपा केल्या. मग डॉक्टरांनी पट्टी बदलायची कशी हे माझ्या नवऱ्याला हाताला धरून शिकवले. शेगडी आणि धुरी मी बंद करवली, यावरून घरात दोन दिवस अबोला होता. डोक्यावरून अंघोळ थांबवून ओल्या फडक्याने डोके पुसून घेत होतो, पावडर पूर्ण बंद केली, पंखा मंद गतीने पण सतत चालू ठेवला.

चौथ्या आठवड्यात कानामागच्या घडीत मसुरीच्या डाळीएवढी लाल जागा दिसली. डॉक्टरांनी दोन दिवस कान मोकळा ठेवायला लावला, मलम दिले आणि कातडी सावरल्यावर पुन्हा आधार बसवला. म्हणून दर वेळी पट्टी बदलताना खिडकीपाशी, उजेडात, कानाच्या मागची बाजू पाहायलाच हवी. एकूण पाच आठवडे लागले. लवकर सुरुवात केली तर दोन-तीन आठवड्यांतही काम होते म्हणे, आमचा उशीर आम्हांला भोवला. आज त्याच्या कानाचा माथा किंचित चपटा आहे, पण तो माझ्याखेरीज कोणाला दिसत नाही.

कान टोचणे पुढे ढकला. पाळीत कूर्चा नसते, त्यामुळे टोचल्याने आकार बिघडणार नाही, हे खरे. पण सोन्याची तार पट्टीत अडकते, आणि जखम चिघळली तर शेजारीच बांधलेल्या कानाला त्याची बाधा व्हायला वेळ लागत नाही. आमच्याकडे बारशाला केवळ नाव ठेवले आणि कान सहाव्या महिन्यात टोचले. भटजींनी काही आक्षेप घेतला नाही, घेतला तो आत्याने.

काणकोणचे_आजोबा

माझा उजवा कान जन्मापासून असाच दुमडलेला आहे आणि माझे वय ७१ आहे. आमच्या काळी याला कोणी आजार म्हटले नाही. शाळेत पोरे ‘मुडपो’ म्हणत, ते मी काही वर्षांत पचवले. लग्न झाले, नोकरी झाली, ऐकू आजही नातवापेक्षा चांगले येते. तेव्हा मुलीच्या आईने जीव थोडा थोडा करून घेऊ नये, हे सांगण्यासाठी लिहितो आहे.

तरीही प्रामाणिकपणे एक भर घालतो. चाळिशीचा चष्मा लागला तेव्हा त्याची काडी त्या कानावर ठरेना, आणि काच कायम एका बाजूला कललेली असे. मडगावच्या एका चष्मेवाल्याने काडी तापवून वाकवून दिली तेव्हा कुठे निभावले. करोनाच्या काळात मास्कची दोरी तर दर पाच मिनिटांनी निसटून हातात येई. पाच आठवड्यांच्या पट्टीने हे टळत असेल, तर माझ्या आईने ती आनंदाने लावली असती.

मुरगावची_वाचक

माझा अनुभव थोडा वेगळा आहे, म्हणून तो वेगळा ठेवूनच वाचावा. माझ्या मुलीचा उजवा कान जन्मतः जवळजवळ नव्हताच, शेंगदाण्याएवढा एक उंचवटा आणि खाली पाळी. याला मायक्रोशिया म्हणतात. इथे पट्टीचा उपयोग नसतो, कारण वळवायला पुरेशी कूर्चाच नसते. कानाची पुनर्रचना बरगडीची कूर्चा घेऊन बहुधा आठ-दहा वर्षांच्या सुमारास करतात.

पण लिहायचे कारण ऐकण्याविषयी आहे. दुमडलेल्या कानात भोक आणि आतले सगळे सहसा शाबूत असते, त्यामुळे ऐकण्याला धक्का लागत नाही. माझ्या मुलीला त्या बाजूला कानाची नळीच तयार झालेली नव्हती. सगळ्यांचे लक्ष दिसण्याकडे होते आणि ऐकण्याची चाचणी राहून जात होती. कानाचा आकार कसाही असो, ऐकण्याची पहिली चाचणी, बहुतेक बाळांसाठी ती ओएई नावाची असते, एक महिन्याच्या आत करून घ्या. त्यात शंका आली तर तीन महिन्यांच्या आत पक्के निदान आणि सहा महिन्यांच्या आत उपाय, असा क्रम डॉक्टर पाळतात. माझी मुलगी पाच महिन्यांची असल्यापासून डोक्याला मऊ पट्टा बांधतो, त्यावरचे यंत्र हाडातून आवाज पोहोचवते. ती आता दोन्ही भाषांत भांडते, घरात मराठीत आणि बाहेर कोंकणीत.

कानासमोर मांसाची गाठ किंवा बारीक छिद्र असेल आणि त्याबरोबर शरीरात आणखी काही वेगळे असेल, तर डॉक्टर मूत्रपिंडाची सोनोग्राफीही सुचवतात. ती सुचवली तर घाबरू नये, कान आणि मूत्रपिंड यांचे दोष कधी कधी जोडीने आढळतात म्हणून ती खात्री करून घेतलेली असते.

डिचोलीचा_नवा_बाबा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. माईंचा प्रतिसाद वाचला त्याच संध्याकाळी बाळाच्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घेतली आणि अकराव्या दिवशी सकाळी आमोण्याच्या पुलावरून माशेल, बाणस्तारी, जुने गोवे असे करत बांबोळी गाठली. आजी बरोबर होत्याच, आणि वाटेत त्यांनी एकदाही तेलाचे नाव काढले नाही.

गंमत अशी झाली की ज्या उजव्या कानासाठी आम्ही धावलो, त्याच्याविषयी डॉक्टर फारसे चिंतेत नव्हते. त्यांनी बोटाने कड वर केली, मान डोलावली आणि डावा कान पाहायला बाळाची मान वळवली. तिथे मात्र ते थांबले. वरच्या टोकाकडे कूर्चेची एक जादा घडी गेलेली आहे आणि तिच्यामुळे ते टोक बाहेर ओढले जाते, असे त्यांनी मला भिंग देऊन दाखवले. याला स्टालचा कान म्हणतात. हा प्रकार स्वतःहून सुधारण्याची आशा फार कमी असते. आम्ही त्याला घराण्याचा आकार समजून सोडून दिले होते. माईंनी ‘दोन्ही कान दाखवा’ असे लिहिले नसते तर कदाचित मी टोपडे तेवढ्याच बाजूने वर केले असते.

आता दोन्ही कानांना आधार बसवला आहे. उजव्याला फोंड्याच्या ताईंनी वर्णन केले तशीच नळी आहे, डाव्याला ती जादा घडी दाबून धरणारा एक छोटा तुकडा वेगळा लावला आहे. दर चार-पाच दिवसांनी दाखवायला जायचे आहे. ओएई चाचणी त्याच दिवशी पट्ट्या लावण्याआधी करून घेतली. उजव्या कानाचा निकाल चांगला आला, डाव्याचा पुन्हा करायला सांगितला. जन्मानंतरच्या दिवसांत कानाच्या नळीत पाणी किंवा पांढरा चिकट थर राहिलेला असू शकतो आणि त्यामुळे यंत्र पहिल्या खेपेला असे सांगते, असे त्यांनी समजावले. पंधरा दिवसांनी पुन्हा करणार आहोत. मुरगावच्या ताई, ती तारीख मी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर लाल शाईने लिहून ठेवली आहे.

बारसे काल झाले. कान टोचले नाहीत. सासूबाईंनी तेलाची वाटी आता हातापायांपुरती ठेवली आहे, आणि बाळाला घ्यायला पुढे आलेल्या प्रत्येकाला त्या आधी ‘कानाला हात लावायचा नाही’ असे बजावतात. ज्या शेजारीण बाईंनी ग्रहणाचा विषय काढला होता, त्यांनाही त्यांनी तेच बजावले, जरा मोठ्याने.

एक लहानशी शंका उरली आहे. बारशाला आलेल्या कुंच्या सहा आहेत आणि प्रत्येक जण निदान आपण दिलेली तरी घाला म्हणतो. पट्ट्यांवर कुंची घातलेली चालेल का?

म्हापशाची_निवृत्त_परिचारिका

घरात घालूच नका. सध्याच्या उकाड्यात कुंचीखाली घाम धरतो, पट्टी सुटते, आणि झोपलेल्या बाळाच्या डोक्यावर टोपडे तसेही नको. बाहेर नेताना, पाऊस असेल तर, सहांपैकी सर्वांत सैल आणि सुती असेल ती घाला. नाडी बांधू नका, नुसती पाठीवर सोडा. बाळाला उताणे झोपवा आणि मान दर झोपेला आलटून पालटून एकेका बाजूला वळवा, म्हणजे एकाच कानावर भार येणार नाही. पट्टीखालून वास आला किंवा ओल दिसली, तर ठरलेल्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी जा. उरलेल्या पाच कुंच्यांचे फोटो काढून ज्याचे त्याला पाठवा.